पावसाळ्यात फॉइल कार्डं द्रोणासारखी वळतात, खेळायच्या डेकचं काय करायचं?

टिळकवाडी_बेंच

बेळगावात पाऊस लागला की डब्याबाहेर ठेवलेले चुरमुरे अर्ध्या तासात सादळतात, तीच गत आता कार्डांची झालीय. पोकेमॉन या कार्डांच्या खेळाचा ६० कार्डांचा डेक, म्हणजे खेळायचा जोड, आहे. त्यात १९ फॉइल, म्हणजे चकाकीचा थर असलेली: ६ ईएक्स (जास्त ताकदीची) आणि १३ रिव्हर्स होलो (चित्राभोवतीचा भाग चकाकणारी). बाकी सगळी साधी. स्लीव्ह, म्हणजे कार्डावरच्या प्लास्टिकच्या पिशव्या, एकेरी, मागून काळ्या, ६६ × ९१ मिमी.

साध्या कार्डांना काही झालेलं नाही. फॉइल कार्ड मात्र चित्र वर करून टेबलावर ठेवलं की कडा उचलतात आणि मधे खळगा पडतो. डेक पिसून ठेवला आणि डोळा टेबलाच्या पातळीला आणून बाजूनं बघितलं, तर कुठल्या थरात फॉइल आहे ते फटीवरून कळतं.

विचारायचं एवढंच: ही सरळ कशी करायची आणि सरळ राहतील कशी? स्पर्धेत जज हरकत घेईल का? डब्यात तांदूळ ठेवा, डांबराच्या गोळ्या ठेवा, जाड पुस्तकाखाली दाबा, असं बरेच जण सांगायलेत. त्यातलं खरं किती? आणि तोवर मोबाईलवर सराव केला तर तो खऱ्या डेकला उपयोगी पडतो का?

खानापूर_दमट

आधी कारण समजून घ्या, उपाय त्यातूनच निघतो.

कार्ड म्हणजे कागदाचे दोन थर आणि मधे गडद चिकटीचा पातळ पट्टा. फॉइल कार्डाला पुढच्या बाजूनं धातूचा मुलामा दिलेली फिल्म असते. कागद ओल पितो आणि फुगतो, फिल्म पीत नाही. मागची बाजू वाढली, पुढची होती तेवढीच राहिली, की कार्ड चित्राच्या बाजूला वळणार. तोच तुमचा द्रोण. मार्चच्या कोरड्या हवेत हेच कार्ड उलटं वळतं, कडा खाली आणि पोट वर. त्यामुळे कार्ड कुठल्या बाजूला वळलंय ते आधी बघा. द्रोण असेल तर वाळवायचं, उपडं असेल तर थोडी ओल परत द्यायची. उपड्या कार्डाला आणखी सिलिका जेल लावणारेही बरेच आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

गाठायचा आकडा ४५ ते ५५ टक्के आर्द्रता. त्यासाठी तीन वस्तू लागतात: रबरी कड असलेला, चारी बाजूंनी खटके लागणारा हवाबंद डबा, आत बसेल असा छोटा डिजिटल आर्द्रतामापक, आणि रंग बदलणारं सिलिका जेल. जेल ऑनलाइन मिळतं, नाहीतर शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या दुकानात विचारा. केशरी दाण्यांचं घ्या. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी असतं आणि घरात पोरं असतात.

जेल किती घ्यायचं यात बहुतेक जण चुकतात. बुटांच्या खोक्यातली १ ग्रॅमची पुडी टाकून काही होत नाही. हिशेब बघा की. एक कार्ड साधारण पावणेदोन ग्रॅमचं, म्हणजे ६० कार्डांचा कागद १०५ ग्रॅमच्या आसपास. आपल्याकडच्या ८५ टक्के आर्द्रतेतून तो ५० टक्क्यांवर आणायचा तर त्यातून ४ ते ५ ग्रॅम पाणी काढावं लागतं. डब्यातल्या हवेतलं पाणी त्यापुढे काहीच नाही, ५ लिटरच्या डब्यातल्या हवेत ते ग्रॅमचा आठवा भागही नसतं. जेल आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकं पाणी आरामात ओढतं. म्हणून एका डेकला २५ ते ३० ग्रॅम. बाइंडरमधली (कार्डं ठेवायच्या वहीतली) ६०० कार्डं एकदम वाळवायची असतील तर पाव किलो.

आता करायचं कसं. फॉइल कार्डं स्लीव्हमधून बाहेर काढा. स्लीव्हच्या तोंडातून ओल निघायला दिवसच्या दिवस लागतात. डब्यात कार्डं उभी ठेवा, एकमेकांना न चिकटता, ताटाळ्यातल्या ताटांसारखी. जाड पुठ्ठ्याला दीड-दीड सेंटीमीटरवर खाचा पाडल्या की असा स्टँड घरी होतो. जेल सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून एका कोपऱ्यात ठेवा, दाणे कार्डाला लागू देऊ नका, त्यांची धार फॉइलवर चरे पाडते. आर्द्रतामापक आत ठेवून झाकण लावा.

२४ तासांनी बघा. मापक ४५ च्या आसपास आला आणि कार्डांचा बाक निम्म्याहून कमी झाला की पुरचुंडी बाहेर काढा. जेल तसंच राहू दिलं तर आतली हवा ३० च्या खाली जाते आणि कार्डं उलट्या बाजूला वळतात. मग कार्डं गुळगुळीत पांढऱ्या कागदांच्या मधे एकावर एक ठेवा, खाली-वर सपाट टाइलचे तुकडे आणि वर २ ते ३ किलो वजन. हे सगळं त्याच बंद डब्यात, दोन-तीन दिवस.

पुस्तकाखाली दाबण्याबद्दल: ओलं कार्ड दाबलं तर दाबलेलं असेपर्यंत सपाट, काढलं की तासाभरात परत द्रोण, कारण आतलं पाणी हललेलंच नसतं. शिवाय ओल्या कार्डांवर वजन आलं की चकाकीचे थर एकमेकांना चिकटतात, आणि फुल आर्ट, म्हणजे कार्डभर चित्र असलेल्या, कार्डांवरची बोटाला लागणारी बारीक खरखर चेपून जाते. ती परत येत नाही. म्हणून आधी वाळवणं, मग दाब.

तांदूळ ओल अगदी थोडी ओढतो आणि त्याची पूड स्लीव्हमध्ये शिरते. डांबराच्या गोळ्या तर ओल ओढतच नाहीत, त्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते. पारदर्शक कडक डब्यांवर धुरकट डाग येतात ते त्यामुळेच. कडुनिंबाचा ताजा पाला म्हणजे डब्यात पाणी ठेवण्यासारखंच. हेअर ड्रायर, इस्त्री, तवा यांच्या जवळपासही नेऊ नका, एका बाजूनं उष्णता लागली की फिल्म आणि कागद यांच्यातली चिकटी सुटते. ऊन लावलं तर शाई उडते, लाल-पिवळा आधी.

शहापूर_शफल

वाळवण्याचं वर सगळं नीट आलंय. मी जजच्या प्रश्नाबद्दल लिहितो.

नियम सरळ आहे: स्लीव्हसकट सगळी कार्डं मागून आणि कडेनं एकसारखी दिसली पाहिजेत. वळलेलं कार्ड म्हणजे खूण असलेलं कार्ड, मग ती पावसानं केलेली का असेना. एखाद-दुसरं असं कार्ड सापडलं तर बहुधा बदलायला सांगतात. पण खुणांमध्ये काही ठरावीक क्रम दिसला, म्हणजे वळलेली सगळी कार्डं कामाचीच निघाली, तर शिक्षा वाढते, कारण त्याचा फायदा घेता येतो.

घरी तपासायची सोपी रीत: डेक पिसा, डोळे मिटा, बोटानं दहा वेळा कट करा आणि दर वेळी कटाच्या खालचं कार्ड बघा. १९ फॉइल असलेल्या ६० कार्डांच्या डेकमध्ये दहापैकी तीन-चारदा फॉइल येणं स्वाभाविक आहे. सात-आठदा आलं तर बोट आपोआप फटीत जातंय असं समजा.

माझं मत: खेळायच्या डेकमध्ये फॉइल ठेवूच नये. १३ रिव्हर्स होलोंच्या जागी त्याच नावाची, त्याच मजकुराची साधी कार्डं घाला. बदलून द्यायला कुणीही तयार होतं, साध्याच्या बदल्यात रिव्हर्स होलो मिळत असेल तर संधी कोण सोडेल? द्यायची नसतील ती रिव्हर्स होलो बाइंडरमध्ये शोभतात.

कँप_कमांडर

शहापूरकर, तुमच्या सल्ल्यात एक खाच आहे. ईएक्स साध्या छपाईत येतच नाहीत, ती फॉइलच असतात. १३ रिव्हर्स होलो काढली की डेकमध्ये वळलेली फक्त ६ उरतात आणि ती सहाच्या सहा ईएक्स. आधी १९ मध्ये खूण विखुरलेली होती, आता नेमकी मोलाच्या कार्डांवर आली. जजच्या नजरेला हा ठरावीक क्रम आधीपेक्षा जास्त खुपेल. रिव्हर्स होलो काढा, हरकत नाही, पण ती ६ वाळवून, दाबून आणि डबल स्लीव्ह, म्हणजे एकावर एक दोन स्लीव्ह, करूनच डेकमध्ये घाला. आणि डबल स्लीव्ह करायची तर साठच्या साठ कार्डांना. फक्त फॉइलना दुहेरी केली तर जाडी वेगळी लागते आणि तीही खूणच.

मॅजिक या दुसऱ्या कार्डांच्या खेळात शंभर कार्डांचा, कमांडर प्रकारचा डेक आणि त्यात अर्धी फॉइल, असं असलं की हा त्रास जास्त जाणवतो. तिथं नियमात थोडी सोय आहे: एखादं कार्ड फक्त फॉइलमध्येच छापलेलं असेल आणि वळलेलं असेल तर मुख्य जज त्याच्या जागी स्पर्धेपुरतं बदली कार्ड देऊ शकतो. पोकेमॉनमध्ये त्यावर विसंबू नका.

डबल स्लीव्हचं माप: आतली ६४ × ८९ मिमी, बाहेरची ६६ × ९१. आतल्या स्लीव्हमध्ये कार्ड डोक्याकडून घाला म्हणजे तिचं तोंड कार्डाच्या खालच्या कडेला येईल. मग ते बाहेरच्या स्लीव्हमध्ये नेहमीसारखं घाला, तोंड वर. दोन्ही तोंडं विरुद्ध बाजूंना आली की हवेला सरळ वाट राहत नाही. अंगठ्यानं खालून वर हलकं दाबत हवा काढा, नाहीतर ६० कार्डांचा गठ्ठा उशीसारखा फुगतो आणि पिसताना घसरतो. डबल स्लीव्ह केलेला डेक सुमारे साडेतीन सेंटीमीटर जाड होतो, एकेरीच्या मापाचा डबा पुरत नाही.

दोन सूचना. कार्ड वाळल्याशिवाय आतली घट्ट स्लीव्ह चढवू नका. ओल आत कोंडली तर महिनाभर बाहेर येत नाही. आणि यू-गी-ओ या आणखी एका खेळाची कार्डं ५९ × ८६ मिमीची असतात, त्यांना ६६ × ९१ ची स्लीव्ह घातली तर कार्ड आत खडखडतं आणि कोपरे घासतात. त्यांच्यासाठी ६२ × ८९ ची छोटी स्लीव्ह वेगळी मिळते.

निपाणी_रिव्हर्स_होलो

मधेच एक. पावसाळाभर सपाट राहिलं म्हणून कार्ड चांगल्या प्रतीचं, असा निष्कर्ष कुणी काढू नये. जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानात जी सोनेरी पोकेमॉन कार्डं मिळतात ती प्लास्टिकची असतात. ती ओल पीतच नाहीत, मग वळतील कशी? खऱ्या कार्डाची कड भिंगाखाली धरा: पांढरा, गडद, पांढरा अशा तीन रेषा दिसतात. मधली गडद रेषाच नसेल तर विश्वास ठेवू नका. मागचा निळा रंग फिका किंवा जांभळट, अक्षरांची जाडी कमी-जास्त, ताकदीचे आकडे अवाच्या सवा, हे सगळं एका ठिकाणी आलं की कार्ड नकली. टॉर्चचा उजेड आरपार जातो का हे एकट्यानं पुरावा होत नाही, खऱ्या कार्डाशेजारी धरून बघाल तरच फरक कळतो. वाकवून तपासायला सांगतात ते अजिबात करू नका, कार्ड खरं निघालं तर कागद मोडतो.

आणि बाइंडरची पानं पीव्हीसीची असतील तर बदला. उघडल्यावर नव्या रेनकोटसारखा वास येतो ती बहुधा पीव्हीसी. दमट हवेत ती कार्डाला चिकटतात. पॉलिप्रॉपिलिनची, बाजूनं तोंड असलेली घ्या. बाइंडर उभा ठेवा आणि पावसाळी भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, तिथं कसरही होते आणि ती कागद कुरतडते.

टिळकवाडी_बेंच

डबा, मापक, जेल आणलंय. मापक कपाटात ८८ दाखवतोय. स्वस्तातला आहे, त्याच्या आकड्यावर किती विसंबायचं?

खानापूर_दमट

मिठानं तपासा. बाटलीच्या टोपणात चमचाभर मीठ घ्या, त्यात पाण्याचे थेंब टाका. मीठ ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळून पाणी सुटता कामा नये. ते टोपण आणि मापक एका झिप पिशवीत घालून १० ते १२ तास सोडा. ओल्या मिठाभोवतीची बंद हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. तेव्हा मापक ७९ दाखवत असेल तर तो ४ नं जास्त दाखवतोय, डब्यात ५२ दिसलं की खरे ४८. हा फरक मार्कर पेनानं मापकाच्या पाठीवर लिहून ठेवा. वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, परत तपासा.

जेलचा केशरी रंग जाऊन दाणे हिरवट किंवा फिके झाले की ते भरलं. पुरचुंडीतून काढून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास ठेवा. ओव्हन नसेल तर जुन्या, स्वयंपाकातून काढून टाकलेल्या कढईत मंद आचेवर पातळ थर देऊन परतत राहा, रंग परतेपर्यंत. आच मोठी केली तर रंग जळतो, मग जेल भरलंय का ते कळायला मार्ग राहत नाही. गार होऊ द्यायचं ते झाकण लावलेल्या बरणीत, नाहीतर गार होता होताच हवेतली ओल ओढून बसतं.

चिकोडी_मलिगन

मोबाईलच्या सरावाचं राहिलं. यात दोन ॲप वेगळी आहेत आणि लोक गल्लत करतात.

पोकेमॉन टीसीजी पॉकेट ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं. त्यात डेक २० कार्डांचा, एका नावाची दोनच कार्डं, बेंचवर, म्हणजे राखीव पोकेमॉनच्या रांगेत, तीन जागा, सुरुवातीला हातात पाच कार्डं. हल्ल्यासाठी लागणारी एनर्जी डेकमध्ये नसतेच, पाळीला आपोआप मिळते, आणि तीन गुण झाले की डाव संपतो. टेबलावरच्या खेळात ६० कार्डं, एका नावाची चार, बेंचवर पाच, हातात सात, सहा प्राइझ (जिंकून उचलायची) कार्डं, आणि एनर्जी डेकमधून उचलून पाळीला एकच लावायची. कार्डांची ओळख आणि हल्ल्याचा हिशेब यासाठी पॉकेट चांगलं. डेक बांधायला त्यातून शिकू नका.

सगळ्यात मोठी फसगत बेसिकच्या, म्हणजे थेट मांडता येणाऱ्या पोकेमॉनच्या, संख्येत होते. पॉकेटमध्ये पहिल्या हातात एक तरी बेसिक पोकेमॉन येईल याची खात्री ॲपच देतं. टेबलावर कोण देणार? ६० मध्ये ८ बेसिक ठेवले तर पहिल्या सातांत एकही न येण्याची शक्यता ३५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दर तीन डावांत एकदा मलिगन (हात परत पिसून नव्यानं उचलणं), आणि प्रत्येक मलिगनला समोरच्याला एक जादा कार्ड उचलता येतं. १२ बेसिक ठेवले तर तीच शक्यता १९ टक्के. म्हणून पॉकेटवरून येणाऱ्यांनी बेसिक मोजून बघावेत. तसंच एखाद्या कार्डाच्या चार प्रती ठेवल्या तरी पहिल्या हातात त्यातली एक असण्याची शक्यता ४० टक्केच. 'चार आहेत म्हणजे येईलच' असं धरून डाव आखू नका.

खऱ्या डेकचा सराव हवा असेल तर पोकेमॉन टीसीजी लाइव्ह. तिथं पूर्ण ६० कार्डांचा खेळ आहे, नियम टेबलावरचेच, फुकट आहे. बूस्टरमधल्या, म्हणजे विकतच्या कार्डांच्या पाकिटातल्या, कोड कार्डांनी तिथं पॅक उघडता येतात, ती कार्डं फेकू नका. कार्डं डब्यात वाळताहेत तेवढ्या दिवसांत तुमचा डेक तिथं जसाच्या तसा बांधा आणि वीस डाव खेळून किती वेळा मलिगन झालं ते वहीत टिपा.

एका गोष्टीची सवय मात्र लाइव्हमुळे बिघडते. पाळीला एकच सपोर्टर (मदतीचं कार्ड), पहिल्या खेळाडूला पहिल्या पाळीत सपोर्टरही नाही आणि हल्लाही नाही, हे सगळं ॲप स्वतः सांभाळतं, चुकीची चाल होऊच देत नाही. टेबलावर ते आपल्याला सांभाळावं लागतं. सपोर्टर खेळला की त्यावरचं काम पूर्ण करून तो डिस्कार्डमध्ये, म्हणजे वापरलेल्या कार्डांच्या ढिगात, उघडा टाका. एनर्जी लावली की तोंडानं बोला. आपल्याकडे एका टेबलावर मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी मुलं असतात, त्यामुळे कार्डाचं नाव छापलंय तसंच म्हणायचं आणि बोट ठेवून दाखवायचं, वाद होत नाहीत.

स्पर्धेला जाताना कार्डाच्या खालच्या कोपऱ्यातलं छोटं अक्षरही बघा. जुन्या अक्षराची कार्डं स्टँडर्ड या स्पर्धाप्रकारातून ठरावीक काळानं बाहेर जातात, एप्रिल २०२५ मध्ये एफ अक्षराची गेली. सरळ करून, स्लीव्ह चढवून नेलेलं कार्डच बाद निघालं तर सगळी मेहनत वाया.

टिळकवाडी_बेंच

फॉइल स्टँडवर लावलीत. शेवटचं एक: सरळ झालेला डेक खेळायला न्यायचा कसा? बाहेर पाऊस आणि हॉलमध्ये चाळीस माणसं.

खानापूर_दमट

डेकचा डबा झिप पिशवीत, आणि पिशवीत ४९ टक्के आर्द्रता राखणारं दुहेरी पाकीट. हे पाकीट गरजेप्रमाणे ओल घेतं आणि देतंही, त्यामुळे कार्डं जास्त वाळत नाहीत. मात्र आधीच सादळलेली कार्डं त्यानं सरळ होत नाहीत, वाळलेली तशीच राहावीत एवढंच त्याचं काम.

एसी गाडीतून उतरलात तर पिशवी लगेच उघडू नका. गार कार्डावर बाहेरची दमट हवा लागली की चष्म्यावर धरतं तसं पाणी धरतं. अर्धा तास पिशवी बंदच राहू द्या. हॉलमध्ये डेक फेरीपुरता बाहेर, फेरी संपली की परत पिशवीत. दोन-तीन तासांत डबल स्लीव्हच्या आतल्या कार्डाला फारसं काही होत नाही, पण दिवसभर टेबलावर उघडा पडला तर वरची चार-पाच कार्डं आधी वळायला लागतात. घरी आल्यावर डेक रात्रभर मोठ्या डब्यात ठेवा, मापक ५५ च्या वर गेला तरच जेलची पुरचुंडी आत टाका, आणि ५० वर आला की काढा.